मोठ्या अक्षरांचा माणूस : 'मॅडव्हिलनी' नावाचा अल्बम आणि त्याचे तपशील

एमएफ डूम नावाच्या रॅपरची एक अट होती. माझं नाव इंग्रजीत लिहाल तेव्हा सगळी अक्षरं कॅपिटल लिहा. ही अट त्याने एका गाण्यातच घालून ठेवली आहे आणि गाण्याचं नावही तेच आहे : 'ऑल कॅप्स'. त्याचे चाहते ती इमानेइतबारे पाळतात. कुणी चुकून लहान अक्षरांत नाव लिहिलं, की दहा जण दुरुस्ती करायला धावतात.

आता माझी अडचण बघा. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. सगळी एकाच शिरोरेषेला लटकलेली, एकाच उंचीची. त्यामुळे या लेखात डूमचं नाव मी कसंही लिहिलं तरी त्याची अट पाळली जाणार नाही.

'ऑल कॅप्स' ज्या अल्बमवर आहे तो 'मॅडव्हिलनी'. २३ मार्च २००४ला स्टोन्स थ्रो या लॉस एंजेलिसच्या छोट्या कंपनीने तो काढला. बीट्स मॅडलिबचे, शब्द आणि आवाज डूमचा, आणि दोघांच्या जोडीचं नाव मॅडव्हिलन. २२ ट्रॅक, सगळे मिळून साधारण ४६ मिनिटं. म्हणजे सरासरी एक ट्रॅक दोन मिनिटांचा. कोरस जवळपास नाहीतच. गाणं सुरू होतं, रंगात येतं आणि संपतं. बिलबोर्डच्या यादीत हा अल्बम १७९व्या क्रमांकापर्यंत पोचला, त्यापुढे नाही. तरीही गेली वीस वर्षं रॅपवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक नव्या पिढीला तो कुणीतरी कानात कोंबतोच. मलाही असाच एका मित्राने ऐकवला होता.

त्या मित्राने अल्बमसोबत एक गोष्टही दिली. दोन विक्षिप्त कलाकार ब्राझीलला गेले, एका खोलीत स्वतःला कोंडून घेतलं, महिनाभराने अल्बम घेऊन बाहेर आले. मुखपृष्ठ मॅडोनाच्या पहिल्या अल्बमवरून उचललं. पुढे दुसरा भागही काढला. ही गोष्ट मी पुढे कित्येकांना सांगितली. छान रंगवून सांगायचो. तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे हे मला फार उशिरा कळलं. आणि खरी गोष्ट कळल्यावर अल्बम वेगळाच ऐकू यायला लागला.

१९९३

सुरुवात डूमच्या आधीच्या नावापासून करायला हवी.

डॅनियल डुमिले याचा जन्म १३ जुलै १९७१चा, लंडनमधला. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. तो लहान असतानाच कुटुंब न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आलं. तो तिथेच वाढला, तिथेच रॅप शिकला, पण अमेरिकेचं नागरिकत्व त्याने कधी घेतलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे, म्हणजे डीजे सबरॉक, याच्याबरोबर त्याने केएमडी नावाचा ग्रुप काढला. तेव्हा तो झेव्ह लव्ह एक्स होता. मुखवटा नव्हता. इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने १९९१मध्ये त्यांचा 'मिस्टर हूड' काढला. दुसऱ्या अल्बमचं काम संपत आलेलं असताना, एप्रिल १९९३मध्ये, सबरॉक रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडून गेला. मोठ्या भावाने एकट्याने अल्बम पुरा केला. पण त्याच्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या व्यंगचित्रातल्या पात्राला फाशी दिलेली दाखवली होती. त्यावरून वाद झाला आणि कंपनीने अल्बम तर रद्द केलाच, ग्रुपलाही काढून टाकलं. भाऊ गेला आणि वर्षभरात कामही गेलं.

त्यानंतर काही वर्षं तो दिसलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी न्यू यॉर्कच्या एका कवीकट्ट्यावर तो पुन्हा उभा राहिला, तोंडावर बायकांचा पायमोजा ओढून. मग मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमसारखा धातूचा मुखवटा आला. १९९९मध्ये 'ऑपरेशन : डूम्सडे' हा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला.

आता स्टोन्स थ्रोकडे वळू. ही कंपनी पीनट बटर वुल्फ नावाच्या डीजेने १९९६मध्ये सुरू केली. त्याचा जोडीदार होता करिझ्मा नावाचा तरुण रॅपर. डिसेंबर १९९३मध्ये करिझ्माचा गोळी घालून खून झाला. दोघांनी मिळून केलेलं काम लोकांपर्यंत पोचावं, म्हणून वुल्फने कंपनी काढली. कंपनीची पहिली रेकॉर्ड करिझ्मासोबतचीच आहे.

म्हणजे एकाच वर्षी, देशाच्या दोन टोकांना, दोघांनी आपला संगीतातला जोडीदार गमावला होता. दहाएक वर्षांनी ते एकाच घरात आले. 'मॅडव्हिलनी' हा गमतीदार, कार्टूनमय अल्बम आहे हे खरंच आहे. पण तो ज्या घरात झाला त्या घराचा पाया काय होता, हे कळलं की ती गंमत थोडी जड वाटायला लागते.

एक माणूस, पाच वादक

मॅडलिबचं खरं नाव ओटिस जॅक्सन ज्युनियर. जन्म १९७३चा, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा. मामा जॉन फॅडिस, जॅझमधले नावाजलेले ट्रंपेटवादक. मॅडलिब फारसा बोलत नाही आणि मुलाखती टाळतो. डूम चेहरा लपवायचा, हा नावांमागे लपतो. २०००मध्ये त्याने 'क्वासिमोटो' या नावाने एक अल्बम काढला. त्यातला चिरका, कार्टूनसारखा आवाज त्याचाच आहे, फक्त रेकॉर्डिंगचा वेग वाढवलेला. पुढे 'यस्टरडेज न्यू क्विंटेट' नावाचा पाच वादकांचा जॅझ ग्रुप काढला. त्यातले चार वादक काल्पनिक, पाचवा तो स्वतः. सगळी वाद्यं त्यानेच वाजवलेली.

डूमचीही तीच तऱ्हा. किंग गीडोरा तोच, व्हिक्टर व्हॉन तोच. 'मॅडव्हिलनी'वरच्या 'फॅन्सी क्लाउन' या गाण्यात व्हिक्टर व्हॉन पाहुणा कलाकार म्हणून येतो आणि तक्रार करतो, की माझी मैत्रीण मला फसवून त्या मुखवटेवाल्या डूमबरोबर फिरतेय. म्हणजे माणूस स्वतःच स्वतःची प्रेयसी पळवतोय आणि स्वतःच स्वतःवर चिडलाय. श्रेयनामावलीत दोन नावं आहेत, आवाज एकच.

अशा दोन माणसांच्या कामाचे तपशील चुकणं साहजिक आहे. त्यांनीच अर्धी पानं फाडून ठेवली आहेत.

कागदी प्लेट

ही जोडी जमली कशी? लॉस एंजेलिस टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत मॅडलिबने सांगितलं होतं, की मला दोघांबरोबर काम करायचंय : जे डिला आणि डूम. तेव्हा डूम कुठे राहतो हे स्टोन्स थ्रोमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीचा कारभार बघणाऱ्या ईगनचा, म्हणजे इओथेन अलापॅटचा, एक मित्र जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळच्या केनेसॉ गावात राहत होता. योगायोगाने तो डूमला ओळखत होता. मॅडलिबचे बीट्स त्याच्या हाती पाठवले गेले. काही आठवड्यांनी निरोप आला : डूमला आवडलेत, तो यायला तयार आहे.

कंपनीकडे पैसे नव्हते. तरी विमानाची तिकिटं काढून डूमला आणि त्याच्या मॅनेजरला लॉस एंजेलिसला आणलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मॅनेजरने १५०० डॉलर मागितले. ईगनने बोलण्यात वेळ काढला, आणि तेवढ्यात डूम मॅडलिबबरोबर कामाला लागलासुद्धा. नंतर करार झाला तो कागदी प्लेटवर लिहून. हो, जेवायच्या प्लेटवर.

हे किस्से मजेदार आहेत, पण मला त्यातला केनेसॉचा मित्र महत्त्वाचा वाटतो. 'दोन प्रतिभावंत भेटले आणि चमत्कार झाला' अशी गोष्ट सांगताना हा माणूस सगळ्यात आधी गळतो. त्याने बीट्स पोचवले नसते, तर भेट झालीच नसती. जोडीने केलेल्या कुठल्याही कामात असा एक तिसरा माणूस असतो आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर येत नाही.

काम चालायचं ते माउंट वॉशिंग्टन या टेकडीवरच्या घरात. तिथे वुल्फ, ईगन, मॅडलिब राहायचे आणि ऑफिसही तिथेच होतं. घराला शीतयुद्धाच्या काळातलं, बाँबहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेलं काँक्रीटचं तळघर होतं. मॅडलिबचा स्टुडिओ त्यात. मॅडलिब खाली बीट करणार, डूम वर डेकवर बसून वहीत लिहिणार. दोघांत फारसं बोलणं नाही. तेव्हा 'एका खोलीत कोंडून घेतलं' हे वाक्य इथेच बाद होतं.

साओ पावलोची खोली

मग ब्राझील आलं कुठून?

नोव्हेंबर २००२मध्ये मॅडलिब साओ पावलोला गेला. एकटा, डूमशिवाय. तिथे रेड बुल म्युझिक अकादमीचा कार्यक्रम होता. सोबत कट केमिस्ट, डीजे बाबू, जे रॉक असे डीजे मित्र होते. दिवसभर दुकानं पालथी घालून जुन्या रेकॉर्डी विकत घ्यायच्या आणि रात्री हॉटेलच्या खोलीत बसायचं. खोलीत सामान किती? एक छोटा रेकॉर्ड प्लेअर, एक कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा एसपी-३०३ हा सँपलर. सँपलर म्हणजे रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा पकडून तो बटणांवर वाजवता येईल असं यंत्र. एसपी-३०३ हे त्यातलं स्वस्त आणि छोटं, हातात उचलून नेण्याजोगं. 'रेड', 'स्ट्रेंज वेज' आणि अल्बमचं शेवटचं गाणं 'ऱ्हाइनस्टोन काउबॉय' यांचे बीट्स त्या खोलीत तयार झाले.

म्हणजे ब्राझीलची गोष्ट अर्धी खरी आहे. बीट्स तिकडचे, आवाज इकडचा. पण त्या प्रवासाची दुसरी आठवण जास्त महत्त्वाची आहे.

मॅडलिबने अर्धवट अल्बमची एक प्रत ऐकायला बरोबर नेली होती. ती तिथे चोरीला गेली. थोड्याच दिवसांत ती इंटरनेटवर होती, अधिकृत प्रकाशनाच्या सुमारे १४ महिने आधी. आज अल्बम दोन दिवस आधी फुटला तरी गहजब होतो. इथे सव्वा वर्ष आधी सगळं जगासमोर होतं, आणि तेही अपुरं, कच्चं. छोट्या कंपनीला हा घाव मोठा होता. आधीच फुकट मिळालेला अल्बम विकत कोण घेणार?

दोघांनी काम थांबवलं. मॅडलिबने जे डिलाबरोबर 'चॅम्पियन साउंड' पुरा केला. त्यातही मजेशीर वाटणी होती : याच्या बीटवर त्याने रॅप करायचं, त्याच्या बीटवर याने. डूमने किंग गीडोरा आणि व्हिक्टर व्हॉन या नावांनी दोन अल्बम काढले. हे तिन्ही अल्बम २००३मध्येच आले. मगच दोघं 'मॅडव्हिलनी'कडे परतले.

दोन पाठ

इथे आपल्याकडचा एक शब्द उपयोगी पडतो : पाठभेद. हस्तलिखितांच्या काळात एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत शब्द वेगळे निघायचे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ तयार केला, तो याचसाठी. कुठला शब्द मुळातला आणि कुठला मागाहून घुसलेला, हे ठरवल्याशिवाय अर्थ लावता येत नाही.

'मॅडव्हिलनी'चेही दोन पाठ आहेत. चोरीला गेलेला आणि छापलेला. बीट्स बरेचसे तेच. पण डूमने परतल्यावर आपला आवाज पुन्हा रेकॉर्ड केला आणि काही ओळीही बदलल्या. पहिल्या पाठात तो जोरात आहे, चढ्या सुरात, समोरच्याला पटवून देणाऱ्या माणसासारखा. दुसऱ्या पाठात आवाज खाली आलाय, सैल झालाय. नुकताच झोपेतून उठलेला माणूस कट्ट्यावर बसून, घाई न करता, एकेक यमक पुढे सरकवतोय असं वाटतं.

डूमचा जो आवाज आज त्याची ओळख म्हणून सांगितला जातो, तो घोगरा, संथ, थोडासा कंटाळलेला आवाज, या अल्बमवर आला तो दुसऱ्या खेपेला. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दोन्ही पाठ एकापाठोपाठ ऐकले. पहिला वाईट अजिबात नाही. एखादा चांगला रॅपर चांगलं रॅप करतोय, एवढंच. दुसऱ्यात मात्र तो बीटच्या वर चढून बसत नाही, बीटच्या आत शिरतो. मॅडलिबचे तुकडे मुळात धुरकट, खरखरीत. त्यांना हाच आवाज हवा होता.

'चोरीमुळे अल्बम चांगला झाला' असं मी म्हणणार नाही. चोरी ती चोरीच. पण मधल्या काळात डूमने दोन अल्बम केले, मॅडलिबने एक केला, आणि दोघंही परत आले ते बदलून. 'महिनाभरात झाला' या वाक्यात हा सगळा काळ गायब होतो. एखादी गोष्ट मोडल्यावर तिच्याकडे परत जाण्याची चिकाटी गायब होते. आपल्याला प्रतिभा झटपट आवडते. 'पुन्हा केलं' हे ऐकायला आपण फारसे उत्सुक नसतो.

आधी काय, मग काय

मुखपृष्ठाची गोष्ट छोटी आहे, पण चूक नेमकी कशी होते हे तिच्यातून कळतं.

काळापांढरा फोटो, मुखवटा घातलेला डूम, कोपऱ्यात नारिंगी रंगाचा लहानसा चौकोन. फोटो एरिक कोलमनचा, रचना जेफ जँकची. मॅडोनाच्या १९८३च्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ शेजारी ठेवलं तर साम्य डोळ्यात भरतं : तसाच काळापांढरा चेहरा, तशीच नजर, नावात तसाच नारिंगी ठिपका. म्हणून सगळे सांगतात की ते मॅडोनावरून घेतलं.

जँकच्या डोक्यात मुळात होतं किंग क्रिमसनच्या १९६९च्या अल्बमवरचं मुखपृष्ठ, ते किंचाळणारं लाल तोंड. त्याला मुखवट्याचा फोटो नको होता, मुखवटा घातलेल्या माणसाचा हवा होता. काम होत आल्यावर मॅडोनाशी साम्य त्याच्या लक्षात आलं. त्याला गंमत वाटली आणि मग त्याने तो नारिंगी चौकोन टाकला. म्हणजे मॅडोना आहे, पण शेवटी आली. प्रेरणा म्हणून नाही, थट्टा म्हणून. माहिती दोन्हीकडे तीच, फक्त क्रम उलटा, आणि तेवढ्याने अर्थ फिरतो.

कुणाकुणाचे हात

आता सगळ्यात मोठी चूक, जी मीही बरीच वर्षं केली : हा दोघांचा अल्बम आहे.

२२ ट्रॅकपैकी सहा-सात ठिकाणी डूम रॅपच करत नाही. 'सिकफिट', 'डू नॉट फायर' आणि 'सुपरव्हिलन थीम' हे नुसते बीट्स आहेत. 'हार्डकोअर हसल' वाइल्डचाइल्डचं. 'आय' स्टेसी एप्सचं. 'रेड'मध्ये अर्धी बाजू एमईडी सांभाळतो. 'शॅडोज ऑफ टुमॉरो'मध्ये मॅडलिब आणि त्याचाच क्वासिमोटो आहे, आणि शब्द दोघांचेही नाहीत. ते सन रा या जॅझ संगीतकाराच्या कवितेचे आहेत.

मग त्या तुकड्यांची माणसं. 'रेड'च्या सुरुवातीचा पियानो बिल एव्हान्सचा, आणि पुढचा तुकडा ओस्मार मिलितो या ब्राझिलियन संगीतकाराच्या रेकॉर्डमधला. 'अकॉर्डियन' उभं आहे ते डीडलस या लॉस एंजेलिसच्याच संगीतकाराच्या 'एक्स्पीरियन्स'वर. 'स्ट्रेंज वेज'मध्ये जेंटल जायंट हा ब्रिटिश रॉक बँड. 'फॅन्सी क्लाउन'मध्ये झेडझेड हिल हा ब्लूज गायक. आणि 'शॅडोज ऑफ टुमॉरो'मध्ये, जरा कान टवकारा, राहुल देव बर्मन यांच्या 'हिंदू हूं मैं ना मुसलमान हूं' या गाण्याचा तुकडा.

पंचमदांचा हा तुकडा तिथे आहे हे मला कळलं तेव्हा उर भरून आला, हे कबूल करतो. 'बघा, आपला माणूस!' पण लगेच पुढचा प्रश्न आला. पंचमदा हे नाव तरी एका माणसाचं आहे का? त्यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून तीन नावं सतत दिसतात : बासू, मनोहारी, मारुती. बासू चक्रवर्ती, सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग, आणि तालाची बाजू सांभाळणारे आपले मारुतीराव कीर. त्यांच्या मागे मुंबईच्या स्टुडिओत बसलेले डझनावारी वादक. त्यातले कितीतरी गोव्याचे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी पंचमदांना आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. त्यांच्या गावाकडची पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकून मुंबईला यायची आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसायची. रेकॉर्डच्या पाकिटावर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं छापली जायची. वादकांची क्वचितच.

मॅडलिबला हे संगीत नुसतं चवीपुरतं नको होतं. २००७मध्ये त्याने भारतीय चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा अख्खा अल्बम केला. पण तो तुकडा कॅलिफोर्नियाला पोचायच्या कितीतरी आधी वादकांची नावं गळून पडलेली होती. ती गळली मुंबईतच, पाकीट छापतानाच. त्यासाठी अमेरिकन माणसाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच मला तपशील महत्त्वाचे वाटतात. तपशील चुकतो तेव्हा बहुतेकदा एखाद्या माणसाचं नाव गळतं. आणि ठरलेलं असल्यासारखं ते आधीच छोट्या अक्षरांत असलेल्या माणसाचंच गळतं.

न झालेला भाग, उशिरा कळलेली तारीख

दुसरा भाग कधी आलाच नाही. २००८मध्ये 'मॅडव्हिलनी २' या नावाने एक गोष्ट बाजारात आली खरी, पण तिचं पूर्ण नाव वाचा. त्यात पुढे 'मॅडलिब रीमिक्स' असं आहे. मॅडलिबने जुनीच गाणी नव्या बीट्सवर बसवली होती. खऱ्या दुसऱ्या भागाची वाट चाहते पुढे बारा वर्षं बघत राहिले.

मधल्या काळात डूमने एक उद्योग केला. काही कार्यक्रमांना त्याने मुखवटा घालून दुसऱ्याच माणसांना स्टेजवर पाठवलं. तिकीट काढलेले लोक चिडले आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. संगीत ऐका, चेहरा बघू नका, ही मुखवट्यामागची भूमिका त्याने इतकी ताणली की स्वतःच गैरहजर राहिला.

मग २०१० साल उजाडलं. युरोपचा दौरा आटपून तो अमेरिकेत परतू लागला तेव्हा त्याला प्रवेश नाकारला गेला. न घेतलेलं ते नागरिकत्व इथे आडवं आलं. ज्या देशात तो लहानाचा मोठा झाला, ज्या देशाच्या संगीतात त्याचं नाव आहे, त्या देशात त्याला राहता येईना. तो इंग्लंडमध्येच राहिला.

३१ डिसेंबर २०२०च्या रात्री त्याच्या पत्नीने तो गेल्याचं जाहीर केलं. जगभर लोकांनी श्रद्धांजल्या लिहिल्या आणि अनेकांनी तीच तारीख मृत्यूची म्हणून लिहून टाकली. प्रत्यक्षात तो ३१ ऑक्टोबरला, लीड्समधल्या रुग्णालयात गेला होता. वय ४९. दोन महिने ही गोष्ट फक्त घरच्यांना माहीत होती. ३१ ऑक्टोबर म्हणजे हॅलोवीन, सगळी दुनिया मुखवटे घालते तो दिवस. ही जुळणी इतकी नेमकी आहे की कुणी रचून सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

मात्र मी ही तारीख लक्षात ठेवतो ती त्या जुळणीसाठी नाही. त्या दोन महिन्यांत आपण सगळे त्याची गाणी लावत होतो, दुसऱ्या भागाच्या अफवा वाचत होतो, आणि एका घरात सुतक होतं. ३१ डिसेंबर लिहिलं की ते दोन महिने पुसले जातात.

माझ्या त्या जुन्या मित्राला मी हे सगळं अलीकडेच सांगितलं. ब्राझील, मॅडोना, दुसरा भाग, एकेक करून. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "अरे, पण माझी गोष्ट जास्त भारी होती." असेल. त्याच्या गोष्टीत दोन माणसं होती. खऱ्या गोष्टीत केनेसॉचा मित्र आहे, तळघर आहे, चोरी आहे, पुन्हा मायक्रोफोनसमोर उभं राहणं आहे, सबरॉक आणि करिझ्मा आहेत, सन रा आहे, आणि कुठेतरी मागे मुंबईच्या एका स्टुडिओत, नोटेशनच्या कागदावर नजर ठेवून बसलेले वादक आहेत.

आज रात्री हेडफोन लावून 'शॅडोज ऑफ टुमॉरो' ऐका. अडीच मिनिटांचं गाणं आहे. त्यात डूम नाही. आणि हो, त्याचं नाव कुणाला मेसेज करणार असाल, तर इंग्रजी कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबायला विसरू नका. देवनागरीत मला जमलं नाही, तुम्हाला जमेल.